दहा फुटांना चार इंच कमी

२०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदी जरा सैल झाली त्या आठवड्यात, आमच्या शाळेच्या मैदानावर एक माणूस ओळंबा घेऊन आला. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये तो टर्नर, लेथवर काम करणारा. शिडी लावून वर चढला, रिंगच्या कडेवरून दोरी सोडली, ओळंबा जमिनीला टेकतोय न टेकतोय असा धरला आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या पोराला म्हणाला, "टेप लाव." पोरानं टेप लावली. मग बराच वेळ दोघंही बोलेनात. मी पायरीवर बसलो होतो. बाप खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "सर, रिंग खाली हाय."

"कितीनं?"

"अकरा सेंटिमीटर. चार इंचाच्या वरच."

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. लहान मुलांचा मिनी बास्केटबॉल सोडला तर जगात कुठंही जा, हायस्कुलात जा नाहीतर ऑलिंपिकला जा, हे माप बदलत नाही. आमची रिंग २.९४ वर होती. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पूर्वी कोर्ट मुरमाचं होतं. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून काँक्रीट टाकून दिलं तेव्हा खांब होते तिथंच राहिले आणि जमीन तेवढी वर आली. काँक्रीटवर आठ दिवस पाणी मारत मीच उभा होतो. एवढ्या वर्षांत टेप लावायचं एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

ज्या पोरानं त्या दिवशी टेप धरली, त्याच्या खेळाच्या प्रवासाची ही नोंद आहे. त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या जर्सीवर १४ नंबर होता, तोच इथं वापरतो. जुन्या नियमांत खेळाडूंना ४ ते १५ हेच आकडे मिळत. एक, दोन, तीन हे पंचांच्या बोटांना गुण दाखवायला लागायचे. नियम बदलून बरीच वर्षं झाली, पण आमच्या शाळेच्या जर्सी त्याच जुन्या. मी बेळगावच्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात तीस वर्षं पीटी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांपैकी बास्केटबॉलवर पोट भरणारा हा एकटा. तो तिथं पोचला त्यातलं थोडं माझ्यामुळं आणि बरंच माझ्या चुका निस्तरून. म्हणूनच हे लिहायला हवं असं वाटलं.

गावातला सगळ्यांत उंच

खानापूर रोडवरचं गाव. घर तीन खणांचं, मागं दोन म्हशी. २०१४ ला चौदा नंबर आठवीत आला तेव्हा पाच फूट अकरा इंच होता आणि प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांत मागं मान खाली घालून उभा राहायचा. उंच पोरांना ही सवय लागते, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून खांदे पाडून चालतात. मी त्याला हाताला धरून कोर्टवर आणलं. पहिल्या महिन्यातच कळलं की पोराची नजर चांगली आहे. बॉल बोर्डावर लागून कुठं येणार हे त्याला इतरांच्या आधी दिसायचं.

मग मी तेच केलं जे आमच्याकडचा कुठलाही पीटी मास्तर करतो. त्याला बास्केटखाली उभा केला. पाठ रिंगकडं, हात वर, छोट्या पोरांनी बॉल वरून टाकायचा, यानं वळून बोर्डावर मारायचा. ड्रिबल करायचा नाही, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत न्यायचा नाही. बॉल मिळाला की खाली आणायचाच नाही, कारण खाली आणला की बुटकी पोरं हिसकावतात. "बॉल डोक्यावर ठेव रे!" हे वाक्य मी त्याला तीन वर्षांत किती वेळा ओरडून सांगितलं असेल त्याला गणती नाही. आणि आम्ही जिंकत गेलो. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला. दहावीत तो सहा फूट दोन इंच झाला आणि एका सामन्यात त्यानं उडी मारून दोन्ही हातांनी बॉल रिंगमध्ये कोंबला. डंक! आमच्या मैदानावर असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. गावच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन कोर्टला फेरी मारली, संध्याकाळी घरी कुंदा पोचला.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ च्या जूनमध्ये, पंजाबच्या बरनाळा जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग अमेरिकेच्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यांत मोठ्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, निवडला गेला होता. साठ जणांची निवड झाली, त्यात तो बावन्नावा, डॅलस मॅव्हेरिक्सनं घेतला. ड्राफ्टमधून निवडला गेलेला तो पहिला भारतीय. चौदा नंबरच्या बापानं ती बातमी पेपरातून कापून खिशात ठेवली होती. मला दाखवून म्हणाला, "सर, शेतकऱ्याचंच पोर हाय की हे पण."

ते खरंच होतं. पण सतनाम सात फूट दोन इंच होता, लुधियानाच्या अकादमीत घडला आणि २०१० मध्येच, म्हणजे ड्राफ्टच्या पाच वर्षं आधी, फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेला. एवढं सगळं असूनही त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. बातमीच्या त्या तुकड्यात यातलं काही नव्हतं, आणि मीही बापाला ते सांगितलं नाही. आनंदात होतो आम्ही सगळे.

डावीकडं!

एसएसएलसी म्हणजे दहावी झाली, पीयूसीला म्हणजे अकरावीला प्रवेश झाला. २०१८ मध्ये अठरा वर्षांखालच्या राज्य संघाच्या निवड शिबिराला बोलावणं आलं. रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, जनरल डबा, बापाबरोबर बंगळूर.

तिथं पहिल्याच सकाळी त्याला दिसलं की शिबिरात त्याच्याएवढी आणि त्याच्याहून उंच नऊ पोरं आहेत. तोवर तो सहा फूट चार इंचांवर येऊन थांबला होता. बास्केटखाली उभं राहायला गेला तर समोर सहा फूट आठ इंचांचा पोरगा. बाहेर पाठवला तर बॉल हाताळता येईना. डाव्या हातानं चार पावलंसुद्धा नीट नेता येत नव्हता, बॉल पायावर आपटून बाहेर जायचा. आणि शॉट? मैदानावर दहापैकी सात जाणारा शॉट तिथं रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत यायचा. पोराला वाटलं घाबरल्यामुळं होतंय. डंक मारायला गेला, बॉल कडेवर आदळून मागच्या भिंतीपर्यंत उडाला. सगळी हसली. फोनवर मला म्हणाला, "सर, इथं माझी उडीच लागेना झाल्या." मी त्याला सांगितलं, प्रवासाचा शीण आहे, दोन दिवसांत जाईल. रिंग दहा फुटांवर होती एवढंच झालं होतं, आणि ते कळायला आम्हाला पुढं दोन वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट तिथं घडली, तीही मनाला लागणारीच. बास्केटबॉलमध्ये बचाव करताना सतत बोलावं लागतं. समोरचा खेळाडू आपल्या साथीदाराच्या वाटेत आडवा येऊन उभा राहतो, त्याला स्क्रीन म्हणतात. ज्याला अडवलंय त्याला मागचं दिसत नसतं, म्हणून मागच्यानं ओरडून सांगायचं असतं, डावीकडून येतोय, उजवीकडून येतोय. हे ओरडणं अर्ध्या सेकंदाचं काम. चौदा नंबर ओरडला, "डावीकडं!" ज्याला सांगितलं तो मंड्याकडचा पोरगा. त्यानं वळून याच्याकडं बघितलं, तेवढ्यात आडवा आलेला खेळाडू त्याच्या छातीवर आला. दोघं पडले. प्रशिक्षकानं विचारलं, "काय बोललास?"

आमच्या भागातल्या पोरांना कन्नड येत नाही असं नाही. शाळेत विषय असतो, बाजारात बोलावी लागते, बसच्या पाट्या वाचाव्या लागतात. चौदा नंबरला कन्नडमध्ये मार्क चांगले होते. पण घाईत, घाम डोळ्यांत जात असताना, तोंडातून आईचीच भाषा येते. मैदानावर आम्ही कायम मराठीत ओरडलो होतो, मीही. त्या रात्री तो वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन एकटाच ओरडण्याची सवय करत बसला. एडक्के, बलक्के, हिंदे. डावीकडं, उजवीकडं, मागं. हे त्यानं मला वर्षभरानं सांगितलं. एकोणीसशे छप्पन्नची राज्यपुनर्रचना आमच्याकडं घराघरांत बोलली जाते, पण ती एका पोराला बचावात अर्धा सेकंद उशीर करून जाते हे मी त्या दिवसापर्यंत बघितलं नव्हतं.

संघात निवड झाली, बाराव्या जागेवर. राष्ट्रीय स्पर्धेत सगळे सामने मिळून तो अकरा मिनिटं खेळला. संघ पहिल्या आठांत आला आणि प्रमाणपत्र सगळ्यांना सारखंच मिळालं. अकरा मिनिटंवाल्यालाही तेच.

जर्सी घेऊन तो घरी आला. छातीवर कर्नाटक. त्याचे आजोबा सीमालढ्यातले. दर एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारे, तरुणपणी सत्याग्रहात तुरुंग बघून आलेले. मी त्या संध्याकाळी तिथंच होतो आणि मला धास्ती होती. आजोबांनी जर्सी हातात घेतली, कापड चोळून बघितलं. म्हणाले, "मैदानात घाल बाळ. घरात नको." पुढं चार दिवसांनी मी गेलो तर जर्सी अंगणातल्या दोरीवर वाळत होती आणि आजोबा काठीनं कोंबड्या हाकलत होते, त्या तिच्यावर उडू नयेत म्हणून.

उंची गार्डची, हात सेंटरचे

बंगळूरच्या शिबिरात एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी त्याला बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं, "तुझी उंची गार्डची आहे आणि हात सेंटरचे. असा खेळाडू कुणालाच लागत नाही." गार्ड म्हणजे बॉल घेऊन येणारा, सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा. पोरगा ते वाक्य पाठ करून आला होता. मला ऐकवलं तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

कारण ते अक्षरशः खरं होतं. मी त्याची उंची आमच्या गावच्या मापानं मोजली. जिल्ह्यात सहा-दोन म्हणजे राक्षस. देशपातळीवर सहा-चार म्हणजे बॉल घेऊन येणारा, बाहेरून शॉट मारणारा खेळाडू. भारताचा अमज्योत सिंग सहा फूट आठ इंचांचा, तरी तो बाहेर येऊन तीन गुणांचे शॉट मारायचा, म्हणून जपानमध्ये खेळला आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या जी लीगपर्यंत, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगपर्यंत, पोचला. वाराणसीचा विशेष भृगुवंशी वर्षानुवर्षं भारताचा कप्तान राहिला, २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला, तो हातांतल्या कौशल्यावर. अमृतसरकडच्या फत्तूवाल गावचा अमृतपाल सिंग एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास पहिल्यांदा या खेळाकडं वळला आणि तरीही २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला. पण तो सात फुटांच्या घरातला. सात फुटांच्या माणसाला उशीर परवडतो, सहा-चारवाल्याला नाही. त्याला बारा-तेराव्या वर्षीच दोन्ही हात तयार लागतात. नेमकी तीच वर्षं मी त्याला "बॉल डोक्यावर ठेव" म्हणत घालवली होती.

जिंकण्याची घाई हे त्यामागचं खरं कारण. तालुक्याची ढाल शाळेच्या कपाटात आली की हेडमास्तर खूश, पालक खूश, मास्तरही खूश. पोराचं काय होणार हा प्रश्न त्या ढालीच्या मागं राहतो. आमच्या भागातल्या कितीतरी शाळांत आजही सगळ्यांत उंच पोर बास्केटखालीच उभं दिसतं, आणि ते बघितलं की मला गप्प बसवत नाही.

मग त्याची नव्यानं शाळा सुरू झाली. सकाळी सहाला, चौदा वर्षांखालच्या पोरांबरोबर. त्यांचा कप्तान सात नंबर, पाच फुटांचाही नसेल, पण बॉल त्याच्या हाताला चिकटलेला असायचा. मी सात नंबरला सांगितलं, याला तू शिकव. बारा वर्षांचं पोर सतरा वर्षांच्या सहा फूट चार इंचांच्या राज्य खेळाडूला ओरडतंय, "दादा, बॉलकडं बघायचं नाही, माझ्याकडं बघ!" आणि तो निमूट ऐकतोय. दोन हातांत दोन बॉल. उजव्या हातात बॉल आणि डाव्या हातानं टेनिसचा चेंडू भिंतीवर. डाव्या हातानं जेवण, डाव्या हातानं दात घासणं. सहा महिने त्यानं एकही रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल, घेतला नाही, मीच बंदी घातली होती.

याच काळात गुडघ्यानं त्रास दिला. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या सुरुवातीला एक टेंगूळ, दाबलं की कळ. झपाट्यानं वाढणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या पोरांत हे नेहमी आढळतं. हाड वाढत असतं, स्नायूंची दोरी ते ओढत असते. त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात आणि वाढ थांबली की बहुधा निवतं. खरं तर त्याला दहावीपासूनच दुखत होतं, पण मी ते "वाढीचं दुखणं" म्हणून सोडून दिलं होतं आणि वर दोरीच्या पाचशे उड्या लावल्या होत्या. तपासणाऱ्या डॉक्टरांनी उड्या कमी करा, मांडीचे स्नायू ताणा, बर्फ लावा, एवढंच सांगितलं. साधंच होतं सगळं, पण दोन वर्षं उशिरा.

आणि आमचा पाऊस. बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या काँक्रीटवर शेवाळ धरतं, पाऊल टाकलं की घसरतं. वर्षातले चार महिने असे जातात. बंगळूरची पोरं त्या चार महिन्यांत छपराखाली खेळत असतात.

२.९४

टाळेबंदीत उद्यमबाग बंद पडली. आयुष्यात पहिल्यांदा बापाला घरी बसून राहावं लागलं. दुकानातून आधीच आणून ठेवलेलं भंगार होतं, त्यातून त्यानं अंगणात खांब उभा केला. जाड सळई वाकवून रिंग केली, आतला व्यास बरोबर ४५ सेंटिमीटर. तो माणूस लोखंडाच्या बाबतीत अंदाज मानतच नाही. ट्यूबलेवल लावून जमिनीची पातळी बघितली, ओळंब्यानं उंची घेतली, ३.०५. आणि पोरगा तिथं शॉट मारायला लागला तर पहिले पन्नास शॉट पुढच्या कडेवर. बंगळूरसारखेच.

पोराला त्या क्षणी काहीतरी सुचलं. बापाला म्हणाला, "बाबा, शाळेतली मोजूया."

त्यापुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. मला त्या दिवशी लाज वाटली हे खरं, पण पोराचा चेहरा बघून आश्चर्य वाटलं. तो हलका झाला होता. दोन वर्षं त्याला वाटत होतं की मोठ्या ठिकाणी गेलं की आपलं धैर्य जातं. आता कळलं की हात बरोबर होते, शिकलेले फक्त खोट्या रिंगवर. त्या पावसाळ्यात त्यानं अंगणात रोज तीनशे शॉट मारले. आई बॉल परत द्यायची, म्हशींना वैरण घालता घालता.

पगार कोण देतं

आता या प्रकरणातला व्यवहाराचा भाग. व्यावसायिक बास्केटबॉलपटू म्हणजे क्लब पगार देतो, लीग खेळतो, असं चित्र पोरांच्या मोबाईलवर दिसतं. आपल्याकडं तसं स्थिर काही उभं राहिलेलं नाही. २०१५ ला यूबीए लीग सुरू झाली, त्यात पुणे पेशवाज नावाचाही संघ होता, २०१७ नंतर ती बंद पडली. पुढं बास्केटबॉल महासंघाच्या पुढाकारानं आयएनबीएल ही नवी लीग आली. चांगलंच झालं, पण काही आठवड्यांच्या स्पर्धेवर घर चालत नाही. या देशात बास्केटबॉलपटूचा पगार आजवर दिला तो रेल्वेनं, सैन्यदलांनी, ओएनजीसीनं, चेन्नईच्या इंडियन ओव्हरसीज बँकेनं, पोलिसांनी, आयकर खात्यानं. कर्नाटकात विजया बँकेच्या संघाचा दबदबा होता. १ एप्रिल २०१९ ला ती बँक बडोदा बँकेत विलीन झाली आणि ज्या नावासाठी आमची पोरं जीव टाकायची ते नावच गेलं.

आजोबांचं म्हणणं वेगळं होतं. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना तिथल्या सरकारी भरतीत वाव ठेवलेला असतो, खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, मग तिकडंच का जाऊ नये? आजोबांच्या मनातलं मला समजत होतं आणि मला ते आवडलंही होतं. पण पोराच्या हातातला कागद कर्नाटकच्या संघाचा. मी सुचवलं, केंद्राच्या भरतीकडं बघूया, तिथं कुठल्या राज्याकडून खेळलास हा प्रश्नच येत नाही. आजोबा जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "दिल्लीनं सत्तर वर्षांत आमचं काही ऐकलं नाही. बघू, पोराचं तरी ऐकते काय."

बी.कॉम. झाल्यावर २०२३ मध्ये त्यानं रेल्वेच्या खेळाडू भरतीला अर्ज भरला आणि तो छाननीतच बाद झाला. का? कामगिरी चालू आणि आधीच्या दोन आर्थिक वर्षांतली लागते. त्याचं प्रमाणपत्र २०१८ चं. प्रमाणपत्र शिळं होतं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. प्लास्टिकच्या फाइलमध्ये, देवघराशेजारी, ते सोन्यासारखं जपून ठेवलं होतं आम्ही.

ही भरती कशी चालते ते आमच्या भागातल्या प्रत्येक पालकानं समजून घ्यावं म्हणून सविस्तर लिहितो. वय १८ ते २५. शंभर गुण. त्यातले ५० कामगिरीला, ४० मैदानावरच्या चाचणीला, १० शिक्षणाला. चाचणीत चाळीसपैकी पंचवीस मिळाले नाहीत तर बाकीचे गुण बघितलेच जात नाहीत. पगाराच्या लेव्हल २ आणि ३ च्या जागांसाठी बारावी लागते आणि राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत संघ किमान आठवा यावा लागतो, किंवा विद्यापीठाकडून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिनांत. म्हणजे तू किती गुण मारलेस हे कुणी विचारत नाही, तुझा संघ कितवा आला हे विचारतात. एकट्यानं चमकून भागत नाही. चांगल्या संघात बाराव्या जागेवर असलेलं पोर पुढं जातं आणि दुबळ्या संघाचा हिरो मागं राहतो. हे बरं की वाईट यावर मी वर्षभर वाद घालू शकतो, पण नियम तो आहे.

म्हणून मग बंगळूर. एका क्लबकडून लीग खेळायची, कारण राज्याच्या वरिष्ठ संघाची निवड करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर राहायचं तर तिथंच राहावं लागतं. खोलीत चौघं. सकाळ-संध्याकाळ एका सोसायटीच्या कोर्टवर लहान मुलांना शिकवून महिना नऊ हजार. बाप सहा हजार पाठवायचा. माझ्या वहीत आठवीपासूनचा हिशोब आहे. बूट, प्रवास, खोली, गुडघ्याचे उपचार मिळून दोन लाख चाळीस हजारांच्या वर गेले. एक म्हैस त्यातच गेली.

वरिष्ठ संघात तो गार्ड म्हणून निवडला गेला. ज्या हातांनी एकेकाळी बॉल बाहेर जायचा, त्याच डाव्या हातानं तो आता बॉल वर आणत होता. त्या मोसमात संघ पहिल्या आठांत राहिला. दुसऱ्यांदा अर्ज गेला, वय तेवीस. चाचणीत उड्या, धावणं झाल्यावर त्याला सांगितलं, बाहेरून दहा शॉट मार. त्याचे आठ गेले. नंतर तीन-तीनचा खेळ. बापाला मैदानाच्या जाळीबाहेरून दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. तो मला म्हणाला, "सर, पोरगा तीन भाषांत वरडत हुता. मराठी तेवढी नव्हती." हसून म्हणाला, पण नंतर डोळे पुसले.

लेव्हल २, मूळ पगार १९,९००. सकाळी सराव, मग ड्यूटी. बातमीचा तो तुकडा अजून बापाच्या पाकिटात आहे, घड्यांवर फाटलेला.

खांब

नोकरीनंतरच्या पहिल्या दिवाळीला तो आला तेव्हा मैदानावर नववीतली एक मुलगी होती, पाच फूट नऊ इंच, शाळेत सगळ्यांत उंच. तिला मी बॉल घेऊन यायला ठेवलंय. जिल्ह्याच्या स्पर्धेत यंदा आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, कारण तिचा बॉल डाव्या हातातून सारखा सुटतो. पालक सभेत एकानं विचारलंही, एवढी उंच मुलगी असून तिला बास्केटखाली का ठेवत नाही? मी उत्तर दिलं, ती अजून वाढतेय, आणि तिचे हातही वाढू देत. चौदा नंबर तिच्यासमोर कंबरेत वाकून उभा होता, तासभर. बॉल सुटला की तो फक्त म्हणायचा, "परत."

खांब आम्ही टाळेबंदी संपल्यावर उघडले होते. बापानं ते कापून, तळाला नवं पाइप जोडून वर उचलले आणि एका खांबावर ऑइलपेंटनं लिहिलं, ३.०५. दर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तो ओळंबा घेऊन येतो. या खेपेला एका बाजूला ३.०४ आलं. तिकडचं काँक्रीट थोडं फुगलंय म्हणतो. पाऊस लागायच्या आत तो खांब परत उघडायचा आहे, वेल्डिंगचं मशीन रविवारी मिळेल.